हवालदार दौलतरावांचा उजवा पाय

दौलतरावांना कसं आहे विचारलं की उत्तर ठरलेलं: "ठीक हाय." अंगात ताप असो, दाढ ठणकत असो, ठीक हाय! साताऱ्याकडचा गडी, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. लेकीकडे दुबईत अल मनखूलला राहायला आले तेही "बसून खायची सवय न्हाय" म्हणतच, आणि तिथल्याच देरा भागातल्या एका इमारतीवर सिक्युरिटीची नोकरी धरली. दारात असे ताठ उभे राहत की येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांचा हात आपसूक कपाळाकडे जाई.

तो ताठपणा केवढ्याला पडतो हे त्यांच्या बायकोला, सत्यभामाबाईंना, ठाऊक होतं. बर्फातल्या चौकीवर दारूगोळ्याची पेटी उचलताना कंबरेत काहीतरी सटकलं होतं, आणि मांडीमागून पार पावलापर्यंत उतरणारी ती जाडजूड नस, सायटिकाची, कायमची दुखावली होती. गड्याने ते लपवलं. मेडिकल कॅटेगरी खाली आली असती तर हवालदारकीची तिसरी फीत हुकली असती. निवृत्तीच्या वेळी मेडिकल बोर्डापुढेही छाती काढून, "ठीक है साब." बोर्डाने तरी काय करावं? अपंगत्वाच्या पेन्शनला निदान वीस टक्के लागतात, यांना त्याच्या खालचेच मिळाले.

आता लेकीने, समिधाने, खटपट करून अपील लावलं होतं आणि पुण्याला नवं बोर्ड बसणार होतं.

"बाबा, ह्या वेळी प्लीज खरं सांगा हं," ती म्हणाली.

"आणि जरा लंगडत जा," जावई चारुदत्तने भर घातली.

"जावईबापू, सोंगं शिमग्यात काढायची," दौलतराव म्हणाले.

सत्यभामाबाईंनी देव्हाऱ्यापुढे हात जोडले. सोंग नकोच रे बाबा. पण ह्या माणसाला दुखणं खोटं सांगता येत नाही आणि खरंही सांगता येत नाही, त्याचं काय करू?

त्या शुक्रवारी सगळी जबेल अलीच्या देवळात गेली. ऐन जुलै, भर दुपार. दर्शन झालं, पार्किंगमधून चालत गाडीशी आली, तोच नात ईशानी ओरडली, "आजोबा, व्हेअर इज युवर अदर चप्पल?"

उजवा पाय अनवाणी! चप्पल मागे पायऱ्यांपाशीच गळून पडली होती आणि दौलतराव तापलेल्या डांबरावरून तसेच चालत आले होते. समिधाने तळवा वर करून पाहिला. टरारून फोड आला होता.

"अहो, कळलं नाही तुम्हाला?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"काय कळायचंय? ठीक हाय की."

सत्यभामाबाईंनी तळव्यावरची धूळ पदराने टिपली. ह्याच पायातल्या आगीने हा माणूस रात्र रात्र कूस बदलतो. आणि बाहेरून खरी आग लागली तर पायाला खबर नाही! एकाच नसेत देवाने हे दोन्ही कसं ठेवलं? आणि ते घेऊन हा माणूस इतकी वर्षं दारात ताठ उभा!

फोडाला पट्टी बांधून त्यांना नसांच्या डॉक्टर अलिशांकडे नेलं. "कैसे हैं, अंकल?"

"ठीक है, मॅडम."

सत्यभामाबाईंनी पदर तोंडाशी धरला. झालं! बोर्डापुढेही हेच होणार.

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावले आणि पायाच्या बोटांवरून कापूस फिरवला. "जब लगे तब बोलिए."

सत्यभामाबाईंना कापूस फिरताना दिसत होता. अंगठ्यावरून गेला, करंगळीवरून गेला.

"शुरू करो, मॅडम," दौलतराव म्हणाले.

"कब से लगा रही हूं, अंकल."

दौलतरावांनी डोळे उघडले. कापूस अजून बोटावरच होता. मग टाचांवर चालायला सांगितलं. डावा पंजा उचलला गेला, उजवा काही केल्या जमीन सोडीना. ते त्या पंजाकडे बघत राहिले. हुकूम न मानणारा शिपाई पहिल्यांदाच बघत असल्यासारखे.

"दर्द होता है?"

"ठी…" तोंडात आलेलं त्यांनी गिळलं. मान खाली गेली. "आग है, मॅडम. दिन-रात. दिल्ली-दुबई कहीं छुट्टी नहीं. मगर बाहर धूप लगी, उसका पता नहीं चला."

सत्यभामाबाईंनी नकळत हात जोडले. छत्तीस गुणांनी जुळलेल्या संसारात हे एवढं वाक्य त्या प्रथमच ऐकत होत्या.

पुण्याच्या बोर्डाला त्या सोबत गेल्या, पण आत सोडलं नाही. बाकावर बसून नामस्मरण चाललं होतं, ध्यान दाराकडे. दौलतराव बाहेर आले, ना लंगडत ना छाती काढून.

"काय सांगितलंत?"

"हाय ते सांगितलं."

बोर्डाने तीस टक्के धरले. फोनवर समिधाला रडूच कोसळलं. "रडतीस काय खुळे," दौलतराव म्हणाले, "तीस गेलं. सत्तर ड्युटीवर हजर."

अल मनखूलला परतल्यावर पहिल्याच सकाळी ते पलंगाच्या कडेला ड्युटीचे कपडे घालून बसले होते. सत्यभामाबाई देवाची फुलं निवडत होत्या.

"अगं," ते हळूच म्हणाले, "वाकवत न्हाय. मोजा चढवतीस का?"

त्या फुलं तशीच ठेवून आल्या, खाली बसल्या आणि तो पाय मांडीवर घेतला. देवाची पावलंही त्यांनी कधी इतक्या जपून हातात घेतली नव्हती.