डाव्या बाजूची ढील

जिन्याखाली रफूवाल्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक स्टूल, एक दिवा, भिंतीला टांगलेली दोऱ्यांची रिळं आणि मधोमध तो. उभा राहिला तर डोकं पायरीला आपटतं, म्हणून गिऱ्हाइकाशी बसूनच बोलतो आणि लोकांना वाटतं माणूस शिष्ट आहे. शिष्ट नाही, चिवट आहे. कोटाला पडलेलं भोक तो त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढून असं भरतो, की एकदा एका गिऱ्हाइकानं 'हा माझा कोट नव्हेच, माझ्या कोटाला भोक होतं' म्हणून भांडण काढलं होतं.

माझं केस कापायचं दुकान त्याच्या समोर. दिवसभर मी बोलतो आणि तो ऐकतो, अशी आमची वाटणी आहे. हिवाळ्यात दर रविवारी आम्ही बोटीनं गळ टाकायला जात असू. आता मी जातो, तो येत नाही. का येत नाही, हे लोक मला विचारतात, त्याला विचारायची कुणाची छाती होत नाही. म्हणून सांगतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही आणि हे सांगून झाल्यावरही ठेवणार नाही.

समुद्राचा नाद त्याला लावला त्याच्या दाजींनी, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं. दाजी त्याचे, पण हळूहळू सगळ्या बोटीचेच दाजी झाले. बोट लहान. बोटवाला इंजिनाशी आणि दोन्ही कडांना आम्ही: मी, रफूवाला, दाजी, भट्टीवरून थेट येऊन पहिला तासभर घोरणारा बेकरीवाला, आणि वकीलसाहेब, ज्यांच्याकडे मासा न लागण्याची कारणं कायम तयार असत. थंडीत मोठा मासा खडकांपाशी खोल उतरतो. तिथे बोट नांगरायची, दोरीला शिसं आणि गळ बांधून तळाशी सोडायचा आणि दोरी बोटांत धरून बसून राहायचं. बोटं इतकी गारठतात, की मासा ओढतोय का आपलाच हात थरथरतोय हे कळत नाही. एवढं करून मासा मिळतोच असं नाही. घरच्यांना यातली गंमत आजवर समजावून सांगता आलेली नाही.

दोन्ही बाजूंनी दोऱ्या सोडल्या, की प्रवाह त्या बोटीखाली नेतो आणि एकमेकींत अडकवतो. त्याची आमची रीत ठरलेली होती. ओढाताण करायची नाही. दोरीला दोन हलके झटके द्यायचे आणि पलीकडच्याला म्हणायचं, 'ढील दे.' तो दोरी सैल सोडतो, आपण आपली काढून घेतो. त्यातूनही गुंता झालाच तर तो रफूवाल्याच्या मांडीवर जायचा. त्यानं कधी कुणाला दोरी कापू दिली नाही. कापायला अक्कल लागत नाही, म्हणायचा.

मग एका हिवाळ्यात दाजी त्याच खडकांपाशी पाण्यात पडले आणि सापडले नाहीत. शोधायला बोटी गेल्या, पाणबुडे गेले, काही हाती लागलं नाही. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे ताई म्हणतो. तिनं घरात कुणाला रडू दिलं नाही. 'सापडले नाहीत' याचा अर्थ तिच्या लेखी 'सापडायचे आहेत' एवढाच होता.

त्या हिवाळ्यात नंतर आम्ही गेलो नाही. पुढच्या थंडीत रफूवाल्यानंच विषय काढला. डावीकडची मागची जागा दाजींची. कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळेच्या सगळे उजव्या कडेला बसलो. बोट एका अंगाला कलली, बोटवाला कुरकुरला, तरी कुणी हललं नाही.

धुकं होतं. पाणी बोटीला लागल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. रफूवाल्याची दोरी बोटीखाली गेली आणि अडकली. त्यानं सवयीनं दोन झटके दिले आणि मान न वळवता म्हणाला, "ढील दे रे." दोरी सैल झाली. त्यानं ती वर काढली. गळ स्वच्छ, आमिष जसंच्या तसं. मग 'झालं, धर आता' म्हणायला तो डावीकडे वळला, आणि तिकडे कुणीच नव्हतं. आपण सगळे एकाच बाजूला बसलोय, हे त्या क्षणी प्रत्येकाला आठवलं.

"प्रवाह," वकीलसाहेब म्हणाले. "शेवाळात अडकली असेल, सुटली."

"प्रवाह नाहीये आज," बोटवाला म्हणाला. "नांगराचा दोर बघा. सरळ खाली गेलाय."

दोरी पुन्हा सोडली, पुन्हा अडकली. या वेळी मी हातात घेतली. म्हटलं, काय खूळ आहे. दोन झटके दिले. 'ढील' एवढंच तोंडातून निघालं होतं, 'दे' अजून आतच होतं, आणि दोरी सैल पडली. अगदी अदबीनं. मी ती रफूवाल्याकडे परत दिली आणि चहाच्या थर्मासचं झाकण उघडायला लागलो, तर ते मला उघडेना.

"काय वाटलं?" बेकरीवाल्यानं विचारलं. तो एव्हाना टक्क जागा झाला होता.

"शेवाळ," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर रफूवाला दोरी गुंडाळत बसला. धक्क्यावर उतरताना माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "खाली आहेत ते." त्याचा चेहरा आनंदी होता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

पुढच्या रविवारपासून त्यानं आमिष आणणं सोडलं. नुसतं शिसं बांधून दोरी सोडायची, मनगटाला तिचा वेढा द्यायचा आणि बोलत बसायचं. जो माणूस दिवसभर दुकानात चार शब्द बोलत नाही, तो पाण्याकडे तोंड करून सांगत राहायचा, की भाची पास झाली, ताईचे गुडघे दुखतात, मोरीतला नळ मी बदलून दिला. मध्येच म्हणायचा, "ढील द्या, दाजी." दोरी सैल व्हायची. तो हसायचा. आम्हाला त्या दिवसांत मासे भरपूर लागत होते, पण कुणी ते मोठ्यानं म्हणत नव्हतं.

दुकानात कपड्यांचा ढीग साचला. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही त्यानं टोकाशी शिवून बंद करून टाकली, इतक्या सफाईनं, की हात घातल्याशिवाय कळू नये. विचारलं तर त्याला आठवेना.

आणि मग एका रविवारी झटके खालून आले. दोन, हलके. मला दिसले, कारण त्याचं मनगट दोनदा खाली गेलं.

"ढील मागतायत," तो म्हणाला आणि दोरी सोडू लागला. दोरी जात राहिली. कसली घाई नाही, हिसका नाही. दोरीचं रीळ रिकामं झालं. मग वेढा आवळला आणि त्याचा हात कडेवरून खाली गेला, कोपर बुडलं, खांदा बुडला, गाल पाण्याला टेकला. मी त्याचा पट्टा धरला आणि बेकरीवाल्यानं पाय. आम्ही धरलं तशी दोरी लगेच सैल झाली. तो ओलाचिंब उठून बसला, दात वाजत होते, आणि वर आमच्यावरच चिडला. "ढील मागितली तर द्यायची नाही? तुमची रीत काय आहे मग?"

दुसऱ्या दिवशी त्याची बायको माझ्या दुकानात आली. खुर्चीत अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक बसलं होतं, तिला त्याचं काही पडलं नव्हतं. "भाऊ, हे एखाद्या रविवारी परत यायचे नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही नेऊ नका त्यांना."

मी म्हणालो, मी नेत नाही, तो जातो. आमच्या बोटीत घेतलं नाही तर दुसऱ्या बोटीनं जाईल, आणि तिथे त्याचा पट्टा धरायला कुणी नसेल.

"मग ताईंना सांगते," ती म्हणाली. "त्यांचं तरी ऐकतील."

मला ते मुळीच पटलं नाही. ताई स्वतःच वाट बघत बसलेली बाई. तिनं ती दोरी हातात घेतली आणि 'हो, हेच ते' म्हणाली, की खेळ खलास. मग त्याला किनाऱ्यावर थांबवणारं जगात कुणी उरणार नव्हतं, आणि तिला तरी कोण थांबवणार. मी हे सगळं त्याच्या बायकोला सांगितलं. पण तिनं तोवर ठरवलं होतं, आणि रविवारी धक्क्यावर गेलो तर ताई माझ्याआधी येऊन उभी. अंगात दाजींचा कोट, बाह्या दुमडलेल्या.

"बोट लागते का हो?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

"आजवर बसले कुठे," ती म्हणाली. "हे नेतो नेतो म्हणायचे."

खडकांपाशी पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट झालं होतं, की इंजिनाशी बसलेला बोटवाला नुसत्या खोकल्यावरून कळत होता. रफूवाल्यानं दोरी सोडली. ती बोटीखाली गेली आणि अडकली. त्यानं मनगटाचा वेढा तसाच ठेवून पुढची दोरी ताईच्या बोटांत दिली. लहानपणी सापडलेलं काही बहिणीला दाखवावं तसा तो बघत होता.

ताईनं दोन झटके दिले. मग स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलावं तसं, जराशा त्रासिक आवाजात म्हणाली, "अहो, ऐकलंत का? ढील द्या."

दोरी लगेच सैल झाली.

"बघ," रफूवाला म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघ, ताई. सांगत होतो ना."

ताई रडली नाही. ती हातातल्या सैल दोरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, आता घट्ट धरा." दोरी तत्काळ ताणली गेली. तिनं बोटं उघडली आणि हात कोटाला पुसला.

"काप ती," ती भावाला म्हणाली.

"ताई?"

"हे ते नाहीत. अठ्ठावीस वर्षं संसार केला मी त्यांच्याशी. पहिल्या हाकेला त्यांनी माझं कधी एक काम केलं नाही. चार हाका मारायच्या, वर एक टोमणा, तेव्हा कुठे 'काय गं' म्हणायचे. मेल्यावर सुधारतील असे नव्हते ते."

बेकरीवाला फसकन हसला आणि हसता हसता गप्प झाला. कारण ते खरं होतं, आणि आम्हाला सगळ्यांना ते ठाऊक होतं. दाजींकडून ढील मिळवायची म्हणजे बोटीवरच्या सगळ्यांनी ओरडायचं, आणि दाजी म्हणणार, 'थांबा रे जरा, हातातलं संपू दे.' एवढे रविवार दोरी निमूट सैल होत होती आणि आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. मग इतके दिवस ऐकतंय कोण, हे कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात झटके आले. दोन, खालून.

रफूवाल्याचं मनगट कडेवर गेलं. मी पाठीमागून कंबर धरली. या वेळी दोरी सैल झाली नाही. "ढील द्या, दाजी," तो म्हणाला. हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. ताईनं त्याचा दुसरा दंड पकडला होता आणि ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो एकदा तिच्याकडे आणि एकदा पाण्याकडे बघत राहिला. मग आवाज बदलून म्हणाला, "ए, ढील दे." काही झालं नाही.

"सुरी द्या कुणीतरी," तो म्हणाला.

बोटवाल्यानं दिली. रफूवाल्यानं स्वतःच दोरी कापली, एका फटक्यात, बोटाची पर्वा न करता. तुटलेलं टोक क्षणभर पाण्यावर ताठ उभं राहिलं आणि मग सावकाश आत गेलं. आम्ही आमच्या दोऱ्या हाताला येतील तशा वर ओढल्या, ओल्या ढिगासारख्या पायाशी टाकल्या, आणि इंजिन एकदाचं सुरू झालं तेव्हा वकीलसाहेब 'प्रवाह' म्हणाले नाहीत.

रफूवाल्याच्या बोटातून रक्त येत होतं, ताईनं त्यावर रुमाल बांधला. गाठ मारता मारता तिनं विचारलं, "कसे पडले ते सांग." आजवर तिनं हे कुणाला विचारलं नव्हतं आणि सांगू दिलं नव्हतं.

त्यानं सांगितलं. सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. दाजी चहा ओतायला उभे राहिले, हसत होते, पाय घसरला. समुद्र शांत होता. कप मात्र बराच वेळ तरंगत होता.

"हाका मारल्या होत्यास ना?"

"मारल्या, ताई. सगळ्यांनी मारल्या. आवाज बसेपर्यंत."

तिनं मान हलवली. "मग येता आलं असतं तर आले असते ते," ती म्हणाली. आणि घरात कुणी नसताना रडावं तशी ती मोकळी रडू लागली. रफूवाल्यानं बांधलेला हात तिच्या पाठीवर ठेवला, आणि आम्ही बाकीचे तोंडं फिरवून धुक्यात धक्का दिसतोय का ते बघत बसलो.