सीबीडीचा बाम, पाच देशांचे कायदे आणि कोपरगावचे कांदेपोहे

कापणी संपायला आठ दिवस उरले होते, तेव्हा रंगनाथ मामांचा फोन आला.

“गण्या, कोपरगावची पोरगी हाय. कोमल नाव. मेडिकलात कामाला. बाप रिटायर हवालदार. सुट्टी काढ आन् ये, न्हाईतर बस तिकडंच बर्फ उकरत.”

मी त्या वेळी चेक देशातल्या एका शेडमध्ये पेंढ्या उलट्या टांगत होतो. पेंढ्या हेंपच्या. हेंप म्हणजे गांजाच्याच जातीचं झाड, पण त्यात नशेचं द्रव्य नावापुरतं. ते जास्त निघालं तर सगळं पीक बाद. या झाडातून सीबीडी नावाचा अर्क काढतात आणि त्याचं तेल, बाम बनवतात. हे सगळं तिकडं राजरोस, परवान्यानं चालतं. मी आठवी नापास, शेवगावचा. मला एवढं कळायलाच एक हंगाम गेला.

“मामा, हवालदाराला माझं काम काय सांगितलं?”

“औषध कंपनीत हाय म्हनलं. खोटं हाय का?”

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. पण मुलगी बघायला जायचं या नादात मी तिकीट काढून टाकलं.

आता बॅग भरण्याविषयी, कारण हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे बरेच असतील. आमच्याकडं परदेशातून आलेल्या माणसानं बाम आणला नाही तर त्याला परदेशातून आला असं कुणी मानत नाही. हंगाम संपला की कंपनी प्रत्येकाला हेंपच्या बामाच्या दहा डब्या देते. मी त्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या. माझ्याच खोलीत राहणारा सरबजीत पलंगावरून बघत होता.

“विमान कुठून जातंय तुझं?”

“आखातातून. सहा तास थांबा आहे.”

तो उठला, टॉवेल सोडला आणि डब्या एकेक करून माझ्या पलंगावर मांडल्या. “इथं हे दुकानात मिळतं. तिथं हेच सापडलं तर तुरुंग. सहा तासांचा थांबा सहा महिन्यांचा होईल.”

मी म्हणालो, अरे यात नशा नाही. तो म्हणाला, ते तू तिथल्या पोलिसाला पंजाबीत सांगणार की मराठीत?

मग त्या रात्री आम्ही मोबाईलवर वाचत बसलो. एकाच डबीचं प्रत्येक देशात वेगळं नशीब. युरोपात लावायचा बाम चालतो, पण तेच तेल खायचं म्हणून विकायला अडचण, म्हणून बाटलीवर ‘लावण्यासाठी’ लिहितात आणि लोक खातात. सिंगापूरमध्ये अजिबात नाही. जपानमध्ये चालतं, पण नशेच्या द्रव्याचा कणसुद्धा मापाबाहेर नको. थायलंडनं आधी दार सताड उघडलं, मग पुन्हा बरंच लोटून घेतलं. हे नियम फार लवकर बदलतात, तेव्हा माझ्या भरवशावर राहू नका. जायच्या आधी त्या देशाचं स्वतः बघा. आणि जिथं नुसतं विमान बदलायचंय तिथलंही बघा. तिथंच माणूस चुकतो.

डब्या सरबजीतला दिल्या. मी विमानतळावर चॉकलेटं घेतली आणि निघालो.

मुंबईहून पुणे, पुण्याहून एसटी. बसच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडात अजून “नगर, नगर, नगर!” माळीवाडा स्टँडवर उतरून शेवगावची गाडी पकडली. खिडकीची काच बंद होत नव्हती, आणि मला पण बंद करायची नव्हती. बाहेर कापूस फुटलेला, तुरीला पिवळी फुलं. वर्षभर फक्त हिरवी पेंढी बघितलेल्या डोळ्यांना बरं वाटलं. घरी आईनं शेंगोळे केले होते. चार वाट्या खाल्ले. पाचवीला आई म्हणाली, “पोरगी बघायला जायचंय, पोट बघायला न्हाई.”

तिसऱ्या दिवशी पहाटे मामांच्या जीपमधून आई, मामा आणि मी निघालो. शेवगाव, कुकाणा, भेंडा, नेवासा, श्रीरामपूर, कोपरगाव. कुणी या रस्त्यानं जाणार असेल तर सांगतो, कारखाने सुरू झाल्यावर वेळ धरूच नका. दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, पुढं मोठ्यानं गाणं. ओव्हरटेक करायला गेलं की ऊस काचेला घासून जातो. श्रीरामपुरात मिसळ खाल्ली. तिखट आहे, पण रस्सा दुसऱ्यांदा मागितला की मालक खुश होऊन फरसाण जास्त टाकतो. शर्टावर एक थेंब पडला. आईनं तो पाण्यानं पुसून रुपयाएवढा केला.

कोपरगावला पोचलो. कोमलचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणत, दारातच उभे होते. बसायला दिलं, पोहे आले, पाहुणचार व्यवस्थित. मामांनी ‘औषध कंपनी’ दोनदा म्हणून घेतलं. तात्यांनी पोहे संपवले, हात पुसले आणि खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढं धरला.

“हे तुमीच का?”

फोटोत मीच. उभ्या पिकात, हात वर करून. पीक माझ्या डोक्यावर दोन हात.

ही चूक आमच्याकडचाच माणूस करतो. पीक जोमात आलं की त्यात उभं राहून फोटो काढायचा आणि गावाच्या ग्रुपवर टाकायचा. ऊस असो, मका असो. मी पण टाकला होता, खाली लिहिलं होतं, ‘आपल्या हातचं पीक’. तो फोटो शेवगावहून कोपरगावला माझ्या आधी पोचला.

“तीस वर्षं नोकरी केली मी,” तात्या म्हणाले. “ह्ये पान मला वळखू येतं.”

मामा पोहे चावायचे थांबले. आई माझ्याकडं बघत राहिली. मामा म्हणाले, “अहो तात्या, ती शोभेची झाडं...”

“मामा, राहू द्या,” मी म्हणालो. “तात्या, जात तीच आहे. पण नशा होईल एवढं त्यात नसतं. कापायच्या आधी सरकारी माणूस तपासून जातो. मी औषध बनवत नाही. पेंढ्या बांधतो, वाळवतो, पानं झाडतो. माझं काम एवढंच.”

“आन् आपल्याकडं?”

“या झाडाच्या बिया चालतात. नुसत्या पानाचं औषध वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं. फुलोरा म्हणजे गांजा. तो गुन्हा.”

तेवढ्यात आतल्या दारातून कोमल बोलली. ट्रे तिनं बाजूला ठेवला होता.

“तुम्ही तिकडचं तेल, बाम असलं काही आणलंय का बॅगेत?”

“नाही.”

“का नाही?”

“विमान आखातातून होतं. तिथं तुरुंग आहे.”

“आणि थेट मुंबईला येणारं असतं तर?”

मला ते माहीत नव्हतं. सगळे देश वाचले होते, आपलाच वाचला तो अर्धा.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “कदाचित आणलं असतं.”

मामांनी कपाळाला हात लावला. कोमल म्हणाली, “बाहेरून आणायचं तर परवानगी लागते. असं टॉवेलात गुंडाळून नाही चालत.”

टॉवेलाचं तिला कसं कळलं, देव जाणे! बहुतेक सगळेच तसंच आणतात.

“कळवतो,” तात्या म्हणाले. आमच्याकडं ‘कळवतो’ म्हणजे बहुतेक नाहीच. परतीच्या वाटेवर शिर्डीमार्गे आलो, राहुरीच्या अलीकडं रस्ता असा खोदलेला की मामांचा राग खड्ड्यांवर निघाला. “मला माहीत न्हाई म्हनं! हवालदारापुढं!” देवळाली प्रवराला रस प्यायला थांबलो. आई एवढंच म्हणाली, “पोरगी हुशार हाय रं.” त्यानं जास्तच वाईट वाटलं.

तसाच चेकला परत आलो, खोलीवर. शेडबाहेर बर्फ, आत पेंढ्या तशाच टांगलेल्या. चौथ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

“कोमल बोलतेय. मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर माणसं येतात. ज्यांना काही कळत नाही ती सगळी म्हणतात, मला माहीत आहे. ‘माहीत नाही’ म्हणणारे तुम्ही पहिले.”

“म्हणजे?”

“म्हणजे माझं हो आहे. तात्यांचं नाही अजून. त्यांना तुमच्या कंपनीचा परवाना बघायचाय, मराठीत.”

परवाना अकरा पानांचा आहे, सगळा चेक भाषेत. मी फोटो काढून पाठवला. ती रोज जेवणाच्या सुट्टीत मोबाईलच्या मदतीनं एक पान मराठीत लिहिते. न कळलेला शब्द मला फोन करून विचारते, मी मुकादमाला विचारतो, तो हातवारे करून सांगतो. तात्या संध्याकाळी चष्मा लावून वाचतात, खाली ‘वाचले’ लिहून सही करतात आणि पुढचं पान मागतात.

काल सातवं झालं. आता चारच उरलीत. चाळीस असती तर बरं झालं असतं.