पोरानं घेतलेला फोन

मी लोकांना प्रश्न विचारून पोट भरतो. फोन, अॅप, ऑनलाइन कामं यांचा लोकांना रोजच्या जगण्यात कसा अनुभव येतो, ते मोजायचं आमचं काम. टॅबवर ओळीनं चेहरे असतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. माणसानं त्यातल्या एकावर बोट ठेवायचं.

गेल्या वर्षी हे काम माझ्याच गल्लीत आलं, भवानी पेठेत. जवळच्या दवाखान्यात तपासणीचा नंबर सकाळी खिडकीवर मिळतो, फोनवरूनही घेता येतो. ती खिडकी बंद करून नंबर फक्त फोनवर द्यायचा विचार चालला होता. लोकांना ते झेपेल का, हे आम्ही सांगायचं. गल्ली हसऱ्या चेहऱ्याकडे गेली, की खिडकी बंद.

आणि गल्ली तिकडेच गेली. कापड विणायच्या मागाच्या खोलीतून बायका पदराला हात पुसत बाहेर यायच्या. फ्रिजवरचा फोन काढून दाखवायच्या. कसा वाटतो, असं विचारलं की आधी सांगायच्या, पोरानं घेतलाय, नाहीतर जावयानं परगावाहून धाडलाय. मग बोट थेट हसऱ्या चेहऱ्यावर. आमच्याकडे पोरानं आणलेल्या वस्तूला चारचौघांत कमी म्हणत नाहीत. साडी आखूड निघाली तरी ती छानच असते. हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी हसरे चेहरे नोंदवत पुढे सरकत राहिलो, कारण काम भराभर उरकत होतं. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

स्वतःच्या घरच्यांना प्रश्न विचारायचे नाहीत, असा आमच्याकडे नियम. म्हणून आमच्या अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, विचारायला माझी सहकारी बसली आणि मी दारात उभा राहिलो. शेजारच्या अक्काही येऊन बसल्या. त्या घरात तेलुगू बोलतात, अव्वाशी मात्र मराठीत भांडतात.

अव्वाला साखरेचा त्रास आहे आणि तिची तपासणी त्याच दवाखान्यात होते. फोन मीच घेऊन दिलेला. मला वाटलं, माझ्याकडे बघून तीही हसऱ्यावर बोट ठेवणार. तिनं चष्मा पुसला, सगळे चेहरे नीट बघितले आणि सगळ्यांत रडक्यावर बोट टेकवलं.

अक्कांना राहवलं नाही. "काय हो अव्वा, पोरानं एवढा भारी फोन दिला आन् तुमी रडकं तोंड दावता?"

"पोराला कुटं नावं ठेवली मी?" अव्वा म्हणाली. "पोरगा मी जन्माला घातलाय. फोन न्हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. नंबर घ्यायचा तर आधी मेसेजमध्ये आकडे येतात. ते वाचून पुन्हा पहिल्या जागी येईपर्यंत वेळ संपलेला असतो. मग ती फोन पिशवीत टाकते आणि खिडकीवर जाते. मला का सांगितलं नाहीस, असं मी दारातूनच विचारलं.

"तू शिकवताना लई चिडतोस की."

सहकारिणीनं मान खाली घालून टॅबमध्ये बघितलं. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त अभिमान वाटला. मुलाच्या तोंडावर, शेजारणीसमोर, गल्लीची रीत मोडून ती खरं बोलली होती. मी शिकलेला, पगार घेणारा माणूस गप्प राहिलो होतो. अक्कांनी टॅबकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "माझं हसरं तोंड बी खोडा. मला तर आलेला फोन उचलता येतो, तेवढंच."

ऑफिसात मी सांगितलं, की या गल्लीतली उत्तरं धरू नका. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दारोदार फिरलो. या वेळी फोन कसा वाटतो, असं विचारलंच नाही. माझ्यासमोर दवाखान्याचा नंबर घेऊन दाखवा, एवढंच म्हणालो. कुणी आकड्यांपाशी अडलं, कुणी त्याच्याही आधी. पोराला कमीपणा येत नव्हता, त्यामुळे बायका अडल्या की मोकळेपणानं फोनला शिव्या घालत होत्या.

खिडकी राहिली. ज्याला जमेल त्यानं फोनवरून नंबर घ्यावा, बाकीच्यांनी खिडकीवर यावं, असं ठरलं. पुढच्या पेठांतही चेहरे दाखवण्याआधी काम करून दाखवायला सांगायचं, असा निर्णय आमच्या बैठकीत झाला. ही पद्धत कुणाला सुचली, असं साहेबांनी विचारलं.

"माझ्या आईमुळे सुचली," मी म्हणालो.

मी थट्टा करतोय असं वाटून दोघंतिघं हसले. मी उभा राहिलो आणि तेच पुन्हा सांगितलं.