काहिलीशी ओळख

"भ्यालेल्या हाताला गूळ कळत न्हाय," असं गैबी गुळव्या एकदा म्हणाला होता. तेव्हा त्याचा स्वतःचा हात भ्यालेला नव्हता.

जोतिबाच्या डोंगराकडे तोंड करून बाळासोचं गुऱ्हाळ उभं आहे. मधोमध जमिनीत चुलवाणाची भट्टी, त्यावर उसाचा रस आटवायची, चार माणसं आडवी होतील एवढी काहील. तिचा काठ गुडघ्याइतकाच उंच. रस आटत जातो तसे बुडबुडे आधी घाईत असतात, मग जड होतात, पेंगल्यासारखे. त्या घटकेला काहील उतरवली तर गूळ. जरा उशीर झाला तर करपट चिखल. ती घटका ओळखायची गुळव्याने.

बाकीचे गुळवे पळीने थेंब घेऊन पाण्यात टाकून बघतात. गैबी हात गार पाण्याच्या बादलीत बुडवायचा, तसाच ओला उकळत्या गुळात घालायचा, चिमूट उचलायचा आणि लगेच पुन्हा पाण्यात. बोटांत गोळी वळली की म्हणायचा, "उतरा." चाळीस वर्षं हेच. ओल्या हाताला पाणी डोळ्याचं पातं लवेपर्यंत राखतं. त्यापुढे राखत नाही. त्याची डावी करंगळी भाजून वाकडी झाली आहे, ती शिकण्याच्या वर्षातली.

आता शहरातून माणसं गुऱ्हाळ बघायला येतात. मोबाइल वर धरतात. बाळासोला चेव चढतो. "बघा की पावणं, उकळत्या गुळात हात! हाय का तुमच्याकडं असला गडी?" मग टाळ्या.

त्या टाळ्यांत दोन लहान हात असायचे. गैबीच्या लेकीची लेक आफशीन, वय साडेतीन. तिची आई शहाजादी गुऱ्हाळामागे जळणासाठी उसाची चिपाडं वाळत घालायची. दुपारी अंगणवाडी सुटली की पोर इथंच.

एका सकाळी शहाजादी तिला ओढतच घेऊन आली. "अब्बा, बघा हिचे उद्योग. मी भाकऱ्या भाजत होते. हिनं तांब्यात हात बुडवला आन् सरळ तव्याला लावला."

बोटावर फोड होता. पोर रडत नव्हती. कुणी फसवल्यासारखी आजोबाकडे, आपल्या नानाकडे बघत होती.

"वल्ला हात भाजत न्हाय," ती म्हणाली. "तुझा न्हाय भाजत."

गैबीने तिचं बोट हातात घेतलं. "माझा हात जुना हाय, बाळा."

"मग मी कवा जुनी हुणार?"

शहाजादी हसली. गैबीला हसू आलं नाही.

उभा जन्म आगीशेजारी काढलेला माणूस, त्याला आगीचं भय नव्हतं. आता भय वाटू लागलं ते या पोरीच्या डोळ्यांचं. तो पाणी पितानाही ते डोळे बघत असत, काहीतरी गोळा करत असत. आत काय रचलं जातंय, कळत नव्हतं. न राहवून त्याने अंगणवाडी चालवणाऱ्या धोंडुबाईला गाठलं.

"गैबीमामा, ह्या वयाची पोरं आपलं ऐकत्यात कुठं?" ती म्हणाली. "आपण काय करतो ते बघत्यात आन् एकाला एक जोडत बसत्यात. परवा अंगणवाडीतला सम्राट इचारत होता, पंखा कवा झोपतो. हलतंय त्ये जित्तं. दुसरा न्याय न्हाय त्यांच्याकडं."

"मग काहील?"

"ती तर हलती, बोलती, वाफा टाकती. जित्तीच की!"

ती गमतीने बोलली, पण गैबीला त्यात वाट दिसली. दुपारी त्याने आफशीनला जवळ घेऊन आवाज खाली आणला. "ही काहील चावती. कुत्र्यागत. हात घातला की सोडत न्हाय."

पोर चार दिवस काहिलीपासून दहा पावलं लांब बसली. गैबीला वाटलं, लागलं औषध. पाचव्या दिवशी तिने विचारलं, "तुला का चावत न्हाय?"

"माझी वळख हाय तिची," तो चुलवाणात चिपाडं सारता सारता बोलून गेला.

बोलून गेला आणि विसरला. ती विसरली नाही. गुऱ्हाळाचा कुत्रा सुरुवातीला तिच्यावर गुरगुरायचा. तेव्हा नानानेच तिच्या मुठीत भाकरीचा तुकडा दिला होता. "टाक. खाल्ली की वळख पडती. मग हात फिरव." आता तो कुत्रा तिच्या पायाशी लोळायचा.

एके दिवशी रसाचं शेवटचं आदण काहिलीत उकळत होतं. वर आलेली मळी काढून झाली होती, बुडबुडे जड झाले होते. गैबी बादलीकडे वळला. बादलीतलं पाणी हलत होतं. कुणीतरी आत्ताच त्यात हात घातला होता.

त्याने वर पाहिलं. वाफेपलीकडे आफशीन काहिलीच्या काठाशी उभी होती. उजवा हात कोपरापर्यंत ओला. डाव्यात भाकरी. ती वाकली आणि कुत्र्याला बोलवायची त्याच आवाजात म्हणाली, "ये, ये."

तुकडा पडला. फेस वर आला, तुकड्याभोवती फिरला आणि त्याला घेऊन खाली गेला.

"खाल्ली!" ती आनंदाने ओरडली. आणि काहिलीवरून फिरवायला ओला हात पुढे केला.

मधलं अंतर गैबीने कसं कापलं, ते त्याला नंतरही आठवलं नाही. मुठीत फ्रॉकची गळपट्टी होती, छातीशी पोर. बोटं एकेक करून पाहिली. पाचही धड. वाफेने गाल तेवढे लाल झालेले.

"नाना, पडली वळख?"

गैबीने तिला खांद्यावर घेतलं.

"मामा!" दारातून बाळासो ओरडला. "गोळी बघा की! वास सुटला, करपतंय!"

कुणीतरी बादली पुढे सरकवली. सवयीने गैबीचा हात पाण्यात गेला. खांद्यावरची पोर पुढे झुकली. तिची पापणी लवत नव्हती. हा हात आता गुळात गेला की पुढे शंभर वेळा न्हाय म्हणून उपयोग नव्हता. हात व्हय म्हणाला असता, आणि तिने हाताचं ऐकलं असतं.

भ्यालेला हात पाण्यातच राहिला. 

"आरं मामा, गेलं की आदण! पळीनं तरी बघा!"

पळी हातात घेतली तरी काय, घटका ओळखणारा माणूसच जागेवर नव्हता. गैबीने हात बाहेर काढला. लुंगीला पुसला, एकेक बोट, तिला दिसेल असा, कोरडा होईस्तोवर. काहिलीतला रंग काळवंडत चालला. बाळासो दारातून आत धावला. त्याच्या शेजारून, शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याच्या शेजारून, पोरीला खांद्याशी घट्ट धरून गैबी बाहेर चालत गेला.