लाईट गेली नव्हती

मंगळवारी सकाळी अकराच्या ऑनलाइन बैठकीत मी सांगितलं की आदल्या दिवशी घरची लाईट गेल्यामुळे टेस्ट अर्ध्यावर थांबली. लाईट गेली नव्हती.

मी भिवंडीजवळ राहनाळला घरूनच काम करते. कंपनी पुण्याची. आमचं सॉफ्टवेअर एका संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक चालवतं. डिस्कचं काम झालं की ती प्रोसेसरला हाक मारते. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात. आभासी संगणकात ही हाकही आमचा कोडच पोचवतो. मधूनच एखादी हाक हरवायची आणि आतला संगणक वाट बघत बसून राहायचा. ते दुरुस्त करणारा पॅच मी लिहिला होता. शुक्रवारी तो ग्राहकांकडे जायचा होता. सोमवारी त्याची टेस्ट चालू असताना माझ्या टेबलाखालच्या मशीनवर आतला संगणक पुन्हा तसाच अडकला. मशीन सुरू होतं. डोक्यावर पंखाही फिरत होता.

बैठकीत कोणी शंका घेतली नाही. भिवंडी म्हटल्यावर घेत नाहीत. "तुमच्याकडचं नेहमीचंच," म्हणून टीमचा प्रमुख पुढच्या विषयाकडे वळला.

भिंतीपलीकडे वडील होते. सोमवारी ते दिवसभर बाहेर होते. त्यांना इंग्रजी जेमतेम कळतं, पण 'पॉवर कट' कळतं. लाईटीपायी मुलीची नोकरी जाईल म्हणून त्यांनी वीज कंपनीत तक्रार केली. मला सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी आमच्या भागाचा वायरमन दारात आला. पन्नाशीचा माणूस, कंत्राटावर.

"ताई, सोमवारी लाईट कधी गेलती? लाईन तर चालू व्हती."

"आरं, पार पुण्यापर्यंत कळलंय," वडील म्हणाले.

"मंग पुण्याच्या सायबालाच खांबावर चढवा." तो हसला नाही. "माझं कंत्राट या महिन्यात संपतंय. सायब बोलला, तक्रार आली तर पुढचं न्हाय सांगता येत."

मी वडिलांकडे न बघता म्हणाले, "काका, लाईट गेली नव्हती. माझ्याच कामात चूक होती."

"मंग लाईटीचं नाव कशाला घेतलंस?" वडिलांनी विचारलं.

आई चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. वायरमनने फोन लावून माझ्या हातात दिला. "ह्येच सायबाला सांगा."

मी सांगितलं. पलीकडचा अभियंता हसला. "लाईट गेली नाही हे सांगायला भिवंडीतून आलेला हा पहिलाच फोन, मॅडम." तक्रार बंद करतो, म्हणाला. वायरमन चहा न घेता गेला. वडील त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

मग मी टीमच्या प्रमुखाला फोन केला. पॅच चुकीचा आहे आणि लाईट गेली नव्हती, असं सांगितलं.

"मी वर तसंच कळवून बसलोय," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने शुक्रवारी पॅच पाठवायचं थांबवलं.

चूक दुसऱ्या दिवशी सापडली. आतल्या संगणकाने एका हाकेची पोच दिली की माझा कोड हाक बंद करत होता. तेवढ्यात डिस्कचं दुसरं काम संपलेलं असेल, तर त्याची हाकही सोबत पुसली जात होती. पोच मिळाल्यावर डिस्क अजून हाक मारते आहे का, हे पुन्हा बघायला हवं होतं. जुन्या कोडात ती तपासणी होती. पॅच लिहिताना आता तिची गरज नाही असं वाटून मीच ती काढली होती. ती परत घातल्यावर टेस्ट शेवटपर्यंत चालली. पुढच्या आठवड्यात पॅच गेला.

पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या खांबावर दुसराच माणूस चढलेला होता. वडिलांनी खालून पहिल्या वायरमनची चौकशी केली. ते आता पलीकडच्या वडपे गावाच्या लाईनवर असतात, असं नव्या माणसाने सांगितलं. तिकडे कशामुळे पाठवलं, ते त्याला माहीत नव्हतं.