बेटावरची बाग आणि पळसाचा पुतळा

मॉरिशस बेटावरच्या सरकारी बागेत प्रत्येक झाडाला नावाची पाटी होती. ती बाग राखणाऱ्या मजुरांना मात्र नंबर. हे मी पत्रकात छापलं आहे. एक गोष्ट छापली नाही, ती इथं लिहितो.

करारावर मजुरीला नेलेल्या कुलींच्या हालांची चौकशी करायला गेलेल्या मंडळींबरोबर मी कारकून म्हणून गेलो होतो. बाग दाखवली ती आम्हाला खूश करायला. मी झालोही, आणि माझा मलाच राग आला. सालेकशाच्या जंगलात वाढलेला मी, हिरवं मला नवं नाही. पण आमचं जंगल उन्हाळ्यात पानं टाकून मोकळं होतं. हे थांबतच नव्हतं. झाडावर वेल, वेलीवर शेवाळ, जायफळांखाली भरदुपारी अंधार. तळ्यात गाडीच्या चाकाएवढी, काठ वळलेली कमळाची पानं.

कमरेइतक्या पाण्यात पिकल्या केसांचा एक माणूस कुजलेली पानं ओढत होता. एक सुटेना, तेव्हा तो पानालाच म्हणाला, "काऊन अडून राहिला रे बुढ्या?"

मी तळ्याच्या काठाशी गेलो. ही बोली, इथं? गाव विचारलं. त्यानं आमचंच सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, ते माझ्या आजोबांचं. हा माझा काका. मी जन्मायच्या आधी गोंदियाच्या स्टेशनावरून भरतीच्या दलालामागं गेलेला. मी कोणाचा, ते त्याला सांगितलं.

"परतीचं भाडं तुमचा हक्क आहे," मी पत्रकासारखा बोललो. "चला घरी."

"आता कोन वळखते मले?" तो हसला. "बायको हाय का माही?"

"आहे" एवढं म्हणून थांबता आलं असतं. मी थांबलो नाही. बारा वर्षं खबर नाही म्हणून माझ्या बानं पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला, तुमचं तेरावं घातलं, काकीच्या बांगड्या फोडल्या, सगळं सांगून टाकलं.

तो पुन्हा पानं ओढू लागला. "मंग झालंच की," म्हणाला. "मेलेल्या मानसानं तिकीट कायले काढावं?" मी आणखी दोनदा गेलो. त्यानं मान वर केली नाही.

घरी येऊन सांगितलं. बा म्हणाला, "शास्त्रात सोय हाय. तो आला तं पुन्हा जन्माचे संस्कार करू. आल्याबिगर नाही." म्हणजे जाळायला माणूस लागत नाही, जिवंत करायला लागतो!

काकी दाराआडून ऐकत होती. बाजाराच्या दिवशी मला घेऊन कासारापुढं बसली. "भर. हिरव्या."

"माय, कायले पाप लावतेस मले?"

"नवरा जिता हाय माहा. या पोट्ट्याले पूस."

"आहे," मी म्हणालो. "पाहून आलो."

इतकी वर्षं रिकामं राहिलेलं मनगट. चार फुटल्या, पाचवी चढली.

बाया तिला मुडद्याची सवाशीण म्हणतात. ती उलट विचारते, "तुमचा घरी बसून काय उजेड पाडून राहिला?"

मी बेटावर पत्रं धाडली. एकाचंही उत्तर नाही, हे तिला ठाऊक आहे. तरी बांगडी फुटली की कासाराकडं जाण्याआधी ती माझ्याकडं येते.

"जिता हाय ना रे?"

मी तोंड उघडेपर्यंत ती हलत नाही.

"आहे," मी म्हणतो.