बर्कमस्टेडच्या कालव्यावर बाबा

बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले आणि तिसऱ्याच आठवड्यात "तिकीट बदलून दे" म्हणून माझ्या मागे लागले. आई गेल्यापासून ते एकटे, म्हणून मी हट्टाने त्यांना इंग्लंडमध्ये, वॉटफर्डला आणलेलं. मी ऑफिसला गेले की हे दिवसभर हीटरजवळ बसून. "इथे माझा काय उपयोग?" हे एकच पालुपद. माझंही डोकं फिरायचं.

एका शनिवारी त्यांना ट्रेनमध्ये बसवलं आणि बर्कमस्टेडला नेलं. फार देखणं गाव. कालव्याकाठी जुन्या विटांची घरं, पबच्या दारात टांगलेली फुलं, रंगवलेल्या लांबट बोटी. आणि दोनशे वर्षांपूर्वीचे लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी दारं असलेले हौद. हौदातलं पाणी सोडलं की बोट खालच्या पातळीला उतरते. मी कितीदा गेले असेन, मन भरत नाही.

बाबा मात्र नुसतं पाणी बघत होते. पाटबंधारे खात्यात उभा जन्म गेलेला त्यांचा.

"हे कुणाच्या शेताला जातं?"

"कुणाच्याच नाही, बोटींसाठी आहे."

हे काही त्यांना पटेना.

मी कॉफी आणायला गेले तेवढ्यात त्यांनी घोटाळा केलाच. एका लॉकमधून पाणी धो धो सुटलेलं, जवळ कुणी नाही, लोखंडी हँडल जागेवरच. पाणी वाया चाललंय या धसक्याने त्यांनी हँडल फिरवून झडप बंद केली. हौदात निम्मी उतरलेली हिरवी बोट तिथेच अडकली. आतून एक वयस्कर बाई चहाचा मग घेऊन बाहेर आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सॉरी सॉरी करत मी सांगितलं, की वडील आमच्याकडे कालव्यावर अधिकारी होते, पाणी वाहताना दिसलं की त्यांना राहवत नाही.

बाईंनी हँडलकडे बोट दाखवलं. "मग आता तुम्हीच उघडा. पुढचे तीन लॉकही तुमचेच."

बाबांनी स्वेटर काढून माझ्या अंगावर टाकला. झडप उघडली, पाणी उतरल्यावर दाराच्या जाड तुळईला पाठ लावली आणि रेटली. दार हललं. "काम चोख आहे हं यांचं," म्हणाले. पुढच्या तीनही लॉकना त्यांनी मला हात लावू दिला नाही.

घरी येऊन बघते तर बाबांच्या दोन्ही तळहातांना फोड. मलम लावताना मला रडूच आलं. या माणसाला मी गरम पोळ्या, टीव्ही, मऊ गादी सगळं दिलं होतं आणि साधा कपसुद्धा विसळू दिला नव्हता.

"बाबा, तिकीट बदलायचंय ना?" मी विचारलं.

"थांब गं जरा. पुढच्या शनिवारी बाई त्याच कालव्याने इथे वॉटफर्डला पोचतायत. बोटीवर एकट्याच आहेत त्या, दारं कोण उघडणार?"